सूर्याचा वाटा आणि सहीचा हक्क

गेल्या महिन्यात रत्नागिरी तालुक्यातील एका बौद्धवाडीतून एक वयोवृद्ध भगिनी आमच्याकडे आल्या. त्यांच्या पिशवीत तीन कागद होते : विजेचे बिल, आधारपत्राची प्रत आणि इंग्रजीत छापलेला आठ पानी करारनामा. त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, वाडीत एक माणूस आला होता. म्हणाला, तुम्हा सगळ्यांच्यात मिळून एकच मोठा सोलर बसणार. तुम्ही फक्त सभासद व्हायचं, महिन्याचे पैसे भरायचे, मग लाईटबिल बंद. अकरा घरांनी सह्या केल्या. माझीच तेवढी राहिली. सगळे म्हणतात, काकी, तुमच्यामुळे अडलंय. आता तुम्हीच सांगा, सही करू की नको?"

आम्ही तो करारनामा वाचला. मुदत पंचवीस वर्षांची. दर युनिटला चार रुपये आणि त्यात दरसाल पाच टक्के वाढ. मुदतीपूर्वी बाहेर पडल्यास उरलेल्या सर्व वर्षांची रक्कम एकदम भरावयाची. प्रकल्प कोणत्या जागेवर उभा राहणार, याचा उल्लेख नाही. महावितरणच्या मंजुरीचा उल्लेख नाही. आणि ज्या बिलावर ही वजावट मिळावयाची, ते बिल त्या भगिनींच्या सासऱ्यांच्या नावे होते. त्यांचे निधन होऊन तीस वर्षे लोटली आहेत. बिलावरील पत्त्यात वाडीचे जुने जातिवाचक नाव अजून तसेच होते.

आम्ही त्यांना सही करू नका, असे सांगितले. तथापि अकरा घरांनी ज्या आशेने सह्या केल्या, ती आशा खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. सूर्यापासून मिळणारी वीज अनेक घरांनी वाटून घेण्याची कल्पना उत्तम आहे आणि कोकणातील घरांना ती विशेष उपयोगी आहे. वाईट होता तो कागद. कल्पना पसंत पडली म्हणून कागदावर सही करणे, ही आपल्या समाजाने पूर्वी पुष्कळदा केलेली चूक आहे. ती या बाबतीत होऊ नये, यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

विजेचा प्रश्न आपल्या चळवळीला परका नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. १९४३ च्या ऑक्टोबरात वीजपुरवठ्यासंबंधीच्या धोरण समितीचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. स्वस्त व मुबलक वीज मिळाल्यावाचून देशात उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योग वाढल्यावाचून दारिद्र्य हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. ज्यांचे मूळ गाव याच जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे, त्यांनी देशाच्या विजेचा विचार गरिबाच्या घरापासून केला होता. म्हणून विजेच्या कागदाकडे आपण किरकोळ व्यवहार म्हणून पाहणे योग्य नव्हे.

रत्नागिरी जिल्ह्याने दुसऱ्यांसाठी पुष्कळ वीज निर्माण केली आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून चिपळूण तालुक्यातील पोफळीला उतरते आणि १९६२ पासून तेथे वीज तयार होते. जयगडला कोळशावर चालणारा १,२०० मेगावॅटचा प्रकल्प आहे. गुहागर तालुक्यात दाभोळचा प्रकल्प उभा राहिला. या सर्व प्रकल्पांत जिल्ह्यातील सामान्य कुटुंबाचा संबंध एक तर जमीन देणारा म्हणून आला, नाही तर बिल भरणारा म्हणून. विजेचा मालक किंवा भागीदार म्हणून तो कधी आला नाही. सूर्याच्या विजेने ही स्थिती प्रथमच थोडीशी पालटू शकते. परंतु ती आपोआप पालटणार नाही. कागदात जे लिहिले असेल, तेच पदरात पडेल.

सामुदायिक सौर प्रकल्प म्हणजे काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. एखाद्या मोकळ्या जागेवर किंवा मोठ्या स्लॅबवर सौर पॅनेल बसवावयाचे. त्यातून निर्माण झालेली वीज वितरण कंपनीच्या तारांत सोडावयाची. ज्या कुटुंबांनी त्यात वाटा घेतला असेल, त्यांच्या-त्यांच्या मासिक बिलातून वाट्याप्रमाणे युनिटांची वजावट करावयाची. घरावर पॅनेल नाही, तरी बिलावर त्याचे फळ दिसते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २०१३ साली कायदा करून ही पद्धत रूढ केली. आपल्या देशात दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ साली अशा सामायिक मोजणीचे नियम केले. केंद्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू केलेल्या 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने'च्या नियमावलीतही या मोजणीचा समावेश आहे. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ही मोजणी नियामक आयोगाच्या नियमाने आणि वितरण कंपनीच्या नोंदीनेच अमलात येते. एखाद्या खाजगी माणसाने दिलेल्या पावतीने कोणाच्याही बिलातून एक युनिटसुद्धा वजा होत नाही.

कोकणात ही पद्धत का हवी, हे येथील घरे पाहिली म्हणजे कळते. जांभ्याच्या भिंती आणि वर मंगलोरी कौले, असे आपल्या पुष्कळ वाड्यांतील घर असते. कौलांवर पॅनेलचा सांगाडा नीट बसत नाही, आणि बसविला तरी माकडांच्या उड्यांनी फुटलेले कौल बदलावयास वर चढणे अवघड होते. घराभोवती आंबा, फणस, माड. त्यांची सावली पडली की वीज घटते. समुद्रकाठी खारा वारा लोखंड खातो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागात किती छपरे उडाली, ते आपण विसरलेलो नाही. शिवाय अनेक घरांना वर्षातून आठ-दहा महिने कुलूप असते, कारण माणसे मुंबईला दहा बाय दहाच्या खोलीत राहतात आणि त्या खोलीला स्वतःचे छप्परच नसते. अशा कुटुंबांनी एका भक्कम जागी एकत्र पॅनेल बसवून त्यात वाटा घ्यावा, हे सर्व दृष्टींनी शहाणपणाचे आहे.

एकत्र येण्याची उदाहरणे दूर नाहीत. गुजरातेतील खेडा जिल्ह्यात धुंडी या गावच्या शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली आणि २०१६ पासून उरलेली वीज वितरण कंपनीला विकण्यास आरंभ केला. ज्या पाटण तालुक्यात कोयनेचे धरण आहे, त्याच तालुक्यातील मान्याचीवाडी हे सुमारे शंभर घरांचे गाव २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. तेथे पॅनेल प्रत्येकाच्या घरावर वेगळे आहेत, परंतु निर्णय सर्व गावाने मिळून केला. या दोन्ही ठिकाणी लोक प्रथम एकत्र बसले आणि पॅनेल नंतर आले. आमच्या वाडीत मात्र कागद घेऊन येणारा माणूस प्रथम आला आणि लोक एकत्र बसलेच नाहीत. प्रत्येकाने शेजाऱ्याची सही पाहून आपली सही केली. भगवान बुद्धांनी कालामांना केलेला उपदेश आपण विहारात वारंवार ऐकतो. पुष्कळ लोक म्हणतात म्हणून एखादी गोष्ट मान्य करू नये, ती स्वतः पारखून घ्यावी, हा त्याचा अर्थ. तो करारनाम्यालाही लागू आहे.

करार न पारखल्याचे फळ काय होते, याचे मोठे उदाहरण याच जिल्ह्यात घडले आहे. १९९३ च्या डिसेंबरात महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने दाभोळ वीज कंपनीशी करार केला. विजेचा दर डॉलरच्या भावाशी जोडलेला होता आणि मंडळाने वीज उचलली नाही तरी ठरावीक रक्कम द्यावयाचीच होती. १९९५ साली राज्य सरकारने तो करार रद्द केल्याचे जाहीर केले. १९९६ साली वाटाघाटी होऊन तो पुन्हा जिवंत झाला. १९९९ साली वीज सुरू झाली. २००१ साली मंडळाने ती घेणे बंद केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉन ही मूळ अमेरिकन कंपनी दिवाळखोरीत गेली. ज्या मंडळाजवळ अभियंते होते, कायदेपंडित होते, त्याला एका कागदाने असे जखडले. मग जिच्याजवळ एक बिल आणि एक आधारपत्र आहे, त्या भगिनीने किती सावध राहिले पाहिजे! त्या आठ पानी कागदातही तत्त्व तेच होते : वीज मिळो न मिळो, पैसे द्यावयाचे.

म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने पुढील प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्यावीत.

पहिला प्रश्न मालकीचा. पॅनेल कोणाचे? स्वतःच्या पैशाने व अनुदानाने बसविलेले असतील तर ते आपले. केंद्रीय योजनेत वितरण कंपनी किंवा दुसरी संस्था स्वतःच्या भांडवलावर पॅनेल बसवू शकते. परंतु तेथेही किमान पाच वर्षांच्या प्रकल्पकाळानंतर मालकी घरमालकाकडे यावी, अशी व्यवस्था आहे. पंचवीस वर्षे पैसे भरून शेवटी एक खिळाही आपला होत नसेल, तर तो वाटा नव्हे. ते भाडे आहे. भाडे देण्यास हरकत नाही. पण त्याला सभासदत्व म्हणू नये.

दुसरा प्रश्न दराचा. चार रुपयांचा दर आज स्वस्त वाटतो. दरसाल पाच टक्के वाढ धरली, तर पंचविसाव्या वर्षी तो जवळजवळ तेरा रुपये होतो. तसेच दराची तुलना कशाशी करावयाची, हेही समजले पाहिजे. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या शंभर युनिटांचा दर सर्वांत कमी असतो. ज्या घरात महिन्याला तीनशे युनिट जळतात, त्याचे वरच्या टप्प्यातील महाग युनिट प्रथम वाचतात. ज्या घरात साठ-सत्तर युनिटच लागतात, त्याचे वाचतात ते सगळे स्वस्त युनिट. म्हणून शहरातील बंगल्याला जो करार फायद्याचा, तोच वाडीतील घराला तोट्याचा होऊ शकतो. आपल्या बिलावरील खालच्या टप्प्याचा दर पाहावा आणि त्याच्याशीच तुलना करावी.

तिसरा प्रश्न वाट्याच्या आकाराचा. गेल्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवून युनिटांची बेरीज करावी. एक किलोवॉटच्या पॅनेलमधून वर्षभराच्या सरासरीने महिन्याला शंभर ते एकशेवीस युनिट मिळतात, असा सर्वसाधारण हिशेब आहे. परंतु येथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर आकाश झाकलेले असते आणि तेव्हा ही सरासरी टिकत नाही. गरजेपेक्षा मोठा वाटा घेणे म्हणजे न खाल्लेल्या जेवणाचे पैसे भरणे.

चौथा प्रश्न 'शून्य बिला'चा. विजेच्या बिलात स्थिर आकार असतो. युनिट सगळे वजा झाले तरी तो भरावाच लागतो. शिवाय बॅटरी नसलेला सौर संच तारांतील वीज गेली की आपोआप बंद पडतो. दुरुस्ती करणाऱ्या कामगाराच्या जिवाच्या रक्षणासाठी ही योजना असते. म्हणून वादळात तारा तुटल्या की सौर प्रकल्पाचा वाटेकरी आणि शेजारी दोघेही सारखेच अंधारात बसणार. ज्याने 'लाईट कधीच जाणार नाही' असे सांगितले, त्याने खोटे सांगितले.

पाचवा प्रश्न बाहेर पडण्याचा. मुलगा मुंबईला घेऊन गेला, घर बंद झाले, मीटर बंद केला, तर पुढे काय? वाटा दुसऱ्या कुटुंबाच्या नावे करता येईल काय? मृत्यूनंतर वारसांवर कोणता बोजा पडेल? भारतीय करार कायद्याचे, म्हणजे १८७२ च्या कायद्याचे, कलम ७४ असे सांगते की दंडाचा आकडा करारात कितीही लिहिला असला तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते. परंतु त्यासाठी न्यायालयात जावे लागते. आधीच ते वाक्य खोडून घेणे पुष्कळ स्वस्त.

सहावा प्रश्न मंजुरीचा. वितरण कंपनीचे मंजुरीपत्र कोठे आहे? त्यात प्रकल्पाची जागा, क्षमता आणि वाटेकऱ्यांची ग्राहक क्रमांकासह यादी आहे काय? हे पत्र दाखविता येत नसेल, तर बाकीच्या प्रश्नांची उत्तरे कितीही गोड असली तरी सही करू नये.

परंतु या सहाही प्रश्नांच्या आधी एक प्रश्न आपण स्वतःलाच विचारावयाचा आहे : बिलावर नाव कोणाचे? वितरण कंपनीच्या दृष्टीने ग्राहक तोच, ज्याच्या नावे जोडणी आहे. अनुदान त्याच्याच बँकखात्यात जमा होते. वजावट त्याच्याच बिलात होते. आपल्या वाड्यांत मीटर आजोबांच्या नावे, घर चुलत्यांत सामाईक, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर तिसरेच नाव, आणि धम्मदीक्षेनंतर नाव-आडनाव बदलले असेल तर आधारपत्रावर चौथे, अशी स्थिती सर्रास आढळते. ज्या खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ साली कायदेमंडळात विधेयक मांडले, ती १९४९ च्या कायद्याने गेली. परंतु घराखालच्या जमिनीचा उतारा पुष्कळांनी अद्याप स्वतःच्या नावे करून घेतलेला नाही. म्हणून सौर प्रकल्पाचा विचार करण्यापूर्वी वारसांची संमतिपत्रे घेऊन मीटर हयात व्यक्तीच्या नावे करावा, शक्य तेथे घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या नावे करावा. नावे जुळत नसतील तर राजपत्रातील प्रसिद्धीचा कागद जोडावा. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतलेला आहे. त्याचा आधार घेऊन बिलावरील पत्ताही त्याच अर्जात दुरुस्त करून मागावा. ज्या नावाचा आपण त्याग केला, ते दर महिन्याला टपालाने घरी येत राहावे, हे आपल्यास शोभत नाही.

येथे नवदीक्षित कुटुंबांच्या मनातील एका शंकेचे निरसन करणे अगत्याचे आहे. राज्य शासनाने २०२५ साली छोट्या घरगुती ग्राहकांसाठी 'स्मार्ट' नावाची छपरावरील सौर योजना जाहीर केली. ती २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतची आहे. तीत एक किलोवॉटच्या संचाची किंमत सुमारे पन्नास हजार धरून केंद्राचे ३०,००० रुपये सर्वांना सारखेच मिळतात. त्याशिवाय दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला राज्याचे १७,५०० रुपये मिळून त्याला स्वतःचे २,५०० घालावे लागतात. महिन्याला शंभर युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्या इतर ग्राहकांपैकी सर्वसाधारण गटाला राज्याकडून १०,०००, तर अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकाला १५,००० मिळतात. म्हणजे पहिल्याने स्वतःचे १०,००० घालावयाचे आणि दुसऱ्याने ५,०००. पुष्कळ कुटुंबे विचारतात : आम्ही बौद्ध झालो, आता ही सवलत आमची राहिली काय?

राहिली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला होता. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. आणि दीर्घ लढ्यानंतर १९९० च्या दुरुस्ती कायद्याने बौद्धांचाही झाला. तेव्हा धर्म बौद्ध लिहून अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र मिळविणे हा आपला कायदेशीर हक्क आहे. काही तरुण म्हणतात, जात सोडली तर जातीचा दाखला कशाला? त्यांच्या स्वाभिमानाचा आम्ही आदर करतो. परंतु तो दाखला आपण मानीत असलेल्या जातीचा नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्यावर लादलेल्या अन्यायाची ती सरकारी नोंद आहे. पाच हजार रुपयांचा फरक मोलमजुरी करणाऱ्या घराला लहान नाही. मात्र खोटा धर्म लिहून तो मिळविण्याची मुळीच गरज नाही, आणि कोणी अर्ज भरणारा तसे सुचवील तर त्याला स्पष्ट नकार द्यावा.

सवलत मिळवून ज्याच्या घरावर स्लॅब आहे, सावली नाही आणि उतारा स्वच्छ आहे, त्याने स्वतःच्या छपरावरच संच बसवावा, असे आमचे मत आहे. केंद्रीय नियमांतील फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने दहा किलोवॉटपर्यंतच्या संचास तांत्रिक तपासणीवाचून मंजुरी मिळाल्याचे मानले जाते. सूर्यघर योजनेत नोंदणीकृत विक्रेत्याने पाच वर्षे देखभाल करावयाची असते आणि अनुदान संच सुरू झाल्यावर थेट ग्राहकाच्या खात्यात येते. 'अनुदान आमच्याकडे वळते करा' असे कोणी म्हटले तर तेथेच थांबावे. ज्यांना असे छप्पर नाही त्यांनी सामुदायिक मार्ग धरावा. पण तो वाडीच्या सभेत ठरावा, मुंबई मंडळाला विश्वासात घेऊन ठरावा आणि हिशेब दर पौर्णिमेला विहारात वाचला जावा. दहा निरनिराळ्या कुटुंबांतील माणसे एकत्र आली तर १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली स्वतःची संस्था नोंदविता येते. मग कंपनीशी करार करावयाचा तर एकेकट्याने न करता संस्थेने करावा.

काही ठिकाणी विहाराच्या स्लॅबवर किंवा आवारात प्रकल्प बसविण्याची सूचना येते. सूचना चांगली आहे. तथापि विहार नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाचा असेल, तर १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे इमारत किंवा बिनशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती न घेता विश्वस्तांनी पंचवीस वर्षांचा कागद केला तर तो टिकणार नाही, आणि समाजात तंटा मात्र उभा राहील. विहार हे सर्वांचे आहे. त्याच्या छपरावरील सही दोन पदाधिकाऱ्यांनी रात्री बसून करावयाची नसते.

आता ज्या अकरा घरांनी सह्या केल्या त्यांच्याविषयी. त्यांनी घाबरू नये आणि गप्पही बसू नये. चुकीची माहिती देऊन घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे. करार कायद्याच्या कलम १९ अन्वये असा करार रद्द ठरविण्याचा पर्याय फसविल्या गेलेल्या पक्षाला आहे. प्रत्येकाने करारनाम्याची प्रत व पावत्या जपून ठेवाव्यात, पुढील पैसे भरण्यापूर्वी लेखी नोटीस द्यावी आणि ती पोचल्याची पावती सांभाळावी. सेवेतील उणिवेबद्दल रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. करारच अनुचित असल्याची तक्रार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये राज्य आयोगापुढे चालते. नावबदल, नेट मीटर किंवा बिलाची चूक ही वितरण कंपनीची बाब असेल तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४२ खालील ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावे. तेथे न्याय न मिळाल्यास विद्युत लोकपालाकडे. कोणत्या दोषासाठी कोणते दार ठोठवावयाचे, हे कळले की अर्धे काम झाले.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या तळ्याचे पाणी मात्र ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, माणसे पायऱ्या उतरून गेली तेव्हा. त्यानंतरही दावा चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला. हक्क कागदावर येतो, तेव्हा त्याचे काम संपत नाही. तेथून आपले काम सुरू होते. सूर्याचे ऊन सर्वांच्या अंगणात सारखेच पडते. परंतु त्याची वीज ज्याच्या नावावर नोंदली जाईल, त्याचीच.

त्या भगिनींनी अद्याप सही केलेली नाही. त्यांच्या दोन दिरांची संमतिपत्रे आली आहेत, आणि मीटर त्यांच्या स्वतःच्या नावे करण्याचा अर्ज, वाडीच्या नव्या नावासह, गेल्या सोमवारी महावितरणच्या कचेरीत दाखल झाला. येत्या रविवारी विहारात वाडीची सभा आहे आणि तो आठ पानी कागद तेथे मराठीत, मोठ्याने, सर्वांसमक्ष वाचला जाणार आहे. प्रत्येक वाडीने असेच करावे. आधी नाव, मग वाचन, मग चर्चा आणि शेवटी सही, हा क्रम कोणी घाई केली म्हणून बदलू नये.